इतिवृत्त आणि रस : वत्सगुल्माच्या सर्वसेनाचा दाखला

कीर्तनाच्या उत्तररंगांत एखादें पौराणिक आख्यान ऐकून, “मुळांत हें असें नाहीं,” अशी तक्रार करणारा श्रोता गांवोगांवीं भेटतो. जुनी गोष्ट बदलण्याचा अधिकार सांगणाऱ्यास आहे काय, हा त्याचा प्रश्न मोठा आहे. प्राचीन साहित्यशास्त्रानें त्याचा निर्णय केला तेव्हां जे दाखले घेतले, त्यांतील एक वाशीमचा आहे.

वाशीम म्हणजे पूर्वींचें वत्सगुल्म. वाकाटक सम्राट् पहिला प्रवरसेन याचा पुत्र सर्वसेन यानें इसवी सनाच्या चौथ्या शतकांत येथील शाखेची स्थापना केली. त्याच्या मुलाचा, म्हणजे दुसऱ्या विंध्यशक्तीचा, ३७ व्या राज्यवर्षांतील ताम्रपट वाशीम येथें सांपडून १९३९ सालीं प्रकाशांत आला. त्यांतील वंशावळ संस्कृतांत असून पुढील मजकूर प्राकृतांत आहे. प्राकृताचा हा मान त्या घराण्यास शोभणाराच होता. कारण स्वतः सर्वसेनानें ‘हरिविजय’ नांवाचें प्राकृत काव्य रचिलें होतें.

आतां शास्त्राचे शब्द पाहूं. घडलेल्या गोष्टींची जी संगति, तिला ‘इतिवृत्त’ म्हणतात. नाट्यशास्त्रानें त्यास नाट्याचें शरीर म्हटलें आहे. पुराणेतिहासांतून घेतलेलें इतिवृत्त तें ‘प्रख्यात’, आणि कवीनें स्वतः कल्पिलेलें तें ‘उत्पाद्य’. परंतु शरीर म्हणजे सर्वस्व नव्हे. श्रोत्याच्या मनांत ज्या भावाचा परिपोष व्हावयाचा तो ‘रस’, आणि त्या रसास प्रत्येक प्रसंग साजेसा असणें हें ‘औचित्य’.

नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोक’ ग्रंथांत या शब्दांची सांगड घातली. नुसतें इतिवृत्त सांगणें हें कवीचें प्रयोजन नव्हे. तें कार्य इतिहासानेंच होतें. म्हणून प्रख्यात कथेंतील जो भाग रसास प्रतिकूल असेल तो गाळावा, व अनुकूल असा नवा भाग कल्पून घालावा, असें तो सांगतो. याचे दाखले म्हणून त्यानें कालिदासाच्या कृतींबरोबर सर्वसेनाच्या ‘हरिविजया’चा निर्देश केला आहे. टीकाकार अभिनवगुप्त अधिक खुलासा करतो : पारिजातहरणाचा प्रसंग सर्वसेनानें रुसलेल्या प्रियेच्या अनुनयाचें अंग म्हणून योजिला, आणि ही योजना इतिहासग्रंथांत आढळत नाहीं. पारिजात तोच आणि हरण करणारा कृष्णही तोच; परंतु पराक्रमाचा प्रसंग शृंगाराच्या सेवेस लागला.

मात्र ही मोकळीक निरंकुश नाहीं. रामायणासारख्या, ज्यांचा रस लोकमनांत आधींच सिद्ध झालेला आहे अशा कथांत, त्या रसास विरोधी अशी स्वेच्छा कवीनें चालवूं नये, असेंही आनंदवर्धनानें बजाविलें आहे. तेव्हां तक्रार करणाऱ्या श्रोत्यानें “मुळांत असें आहे काय?” एवढेंच विचारून थांबूं नये, “या बदलानें रस वाढला कीं मोडला?” हें विचारावें.

दुर्दैवानें ‘हरिविजय’ आज समग्र उपलब्ध नाहीं. इतर ग्रंथकारांनीं उद्धृत केलेल्या कांहीं गाथा तेवढ्या उरल्या आहेत. वाशीमच्या या राजानें कथेंत काय बदललें, हें टीकाकारांमुळें कळतें; त्या बदलानें काव्य किती रसाळ झालें, याविषयीं मात्र त्यांच्याच साक्षीवर विसंबावें लागतें.