छायालेखक मूर्ती आणि नवे तंत्र

नवे यंत्र आले की जुनी कला बुडाली, अशी हाकाटी आपल्याकडे दर पिढीत एकदा तरी उठते. फिल्मची जागा डिजिटल कॅमेऱ्याने घेतली तेव्हाही ती उठली. या वादाचा निवाडा करण्यापूर्वी छायालेखक व्ही. के. मूर्ती यांच्या कारकीर्दीची साक्ष काढावी, असे आम्हांस वाटते.

मूर्तींचा जन्म १९२३ साली म्हैसूर येथे झाला. बंगळूरच्या जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये छायालेखन शिकून ते मुंबईस गेले आणि कोकणीभाषक घराण्यातील गुरुदत्त पदुकोण यांचे सहकारी झाले. १९५९ च्या 'कागज के फूल'साठी उभयतांनी सिनेमास्कोप हे त्या काळचे नवे तंत्र पत्करले. त्यात एक विशेष भिंग रुंद दृश्य आडवे आकसून नेहमीच्याच फिल्मवर घेते आणि चित्रगृहातील दुसरे भिंग ते पुन्हा पसरते. पडदा रुंदावला, पण तो उजेडाने भरून टाकण्याचा मोह मूर्तींना झाला नाही. एका गीतासाठी त्यांनी बाहेरचे ऊन आरशांवर झेलून अंधाऱ्या स्टुडिओत एकच झोत उतरविला. गाभाऱ्यातील समईचा उजेड थोडाच असतो. भोवतीच्या काळोखामुळेच देवाचे मुख उजळते. मूर्तींनी तोच काळोख राखला. चित्रपट धंद्यात आपटला. छायालेखनास मात्र फिल्मफेअर पारितोषिक लाभले. पुढे २००८ सालचा फाळके पुरस्कार मिळविणारे ते पहिले छायालेखक ठरले. २०१४ साली ते निवर्तले.

त्यांची विद्या धारवाडकरांच्याही उपयोगी पडली. कर्नाटक कॉलेजचे विद्यार्थी गिरीश कार्नाड यांनी १९७३ साली 'काडू' हा कन्नड चित्रपट दिग्दर्शित केला, तेव्हा कॅमेरा मूर्तींचे साहाय्यक गोविंद निहलानी यांच्या हाती होता.

फिल्म धुऊन येईपर्यंत छायालेखकास चूक कळत नसे. म्हणून निर्णय आधी मनात पक्का करावा लागे. डिजिटल कॅमेरा चित्र तत्काळ दाखवितो. ही सोय नाकारण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. मूर्तींनीच चित्रित केलेला 'प्यासा' डिजिटल तंत्राने दुरुस्त होऊन २०१५ साली व्हेनिसच्या महोत्सवात झळकला. ज्या तंत्रास आपण जुन्याचा वैरी म्हणतो, त्यानेच जुने राखले. मात्र उजेड कोठे पाडावा आणि कोठे पाडू नये, हा निर्णय यंत्राच्या स्वाधीन करून चालणार नाही. नव्या छायालेखकांनी मूर्तींकडून घ्यावयाचे ते हेच.