बखर आणि रोजकीर्द : दूरचित्रवाणीचं दफ्तर

दूरचित्रवाणीचं प्रक्षेपण हे इतिहासाचं साधन आहे, हे आता कुणी नाकारत नाही. प्रश्न एवढाच, की त्यातलं उरलंय किती आणि कुणाकडे?

सुरुवातीची चित्रफीत दोन इंच रुंद आणि महागडी होती, म्हणून पुसून पुन्हा वापरायचा रिवाज जगभर होता. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, तेव्हाचं बीबीसीच्या स्टुडिओतलं मूळ मुद्रणही आज उपलब्ध नाही.

अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ५ ऑगस्ट १९६८ पासून संध्याकाळच्या राष्ट्रीय बातम्या मुद्रित करायला घेतल्या. १९७३ मध्ये सीबीएसने दावा लावला. पण १९७६ च्या कायद्याने ग्रंथालयांना बातम्या जतन करण्याची मुभा दिली आणि वाद मिटला.

फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांची गोष्ट वेगळी. एके काळी ग्रंथपाल असलेल्या या बाईंनी १९७९ च्या इराण ओलीस प्रकरणापासून २०१२ मध्ये निधन होईपर्यंत घरी अनेक व्हीसीआर लावून रात्रंदिवस मुद्रण केलं. सुमारे ७०,००० कॅसेट! हा साठा पुढे इंटरनेट आर्काइव्हकडे गेला. त्यात जाहिराती आहेत, हवामान आहे, मधेच तुटलेल्या बातम्याही आहेत.

माझ्या मते मोल आहे ते इथेच. संस्था निवडून ठेवते ती बखर. सरसकट मुद्रण म्हणजे रोजकीर्द. राजवाड्यांनी मूळ कागदांमागे पायपीट केली ती काही उगाच नाही. जमाखर्चाच्या कागदाला आपण इतिहास घडवतोय याची जाणीव नसते, म्हणूनच तो विश्वासाचा.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. ऐंशीच्या दशकात घरोघरी व्हीसीआर आले. इंदूर, बडोदा, बेळगावच्या माळ्यांवर 'रामायण' किंवा क्रिकेट सामना असं लिहिलेल्या कॅसेट अजून सापडतील. मालिका दुसरीकडे मिळेलही. पण तिच्या आगेमागे आलेली निवेदिका, गावातल्या दुकानाची जाहिरात, 'व्यत्यय'ची पाटी हे कदाचित फक्त तुमच्याच कॅसेटमध्ये असेल.

मी मूळचा इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, म्हणून थोडं यंत्राबद्दल. फितीवरचे चुंबकीय कण ज्या लेपाने चिकटलेले असतात तो लेप दमट हवेत पाणी शोषतो, चिकट होतो आणि हेडवर खरवडून निघतो. पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट मशीनमध्ये घालूच नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. बाकीच्या कॅसेट कोरड्या जागी उभ्या ठेवा. मागची प्लास्टिकची खूण तोडा, म्हणजे चुकून वर मुद्रण होणार नाही. डिजिटल प्रत करताना जाहिराती कापू नका. लेबलवरची तारीख, वाहिनी, गाव जसंच्या तसं उतरवा.

कायदाही अगदीच आडवा येत नाही. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात खाजगी वापरासाठी आणि प्रामाणिक संशोधनासाठी प्रक्षेपण मुद्रित करायला सवलत आहे. सार्वजनिक दाखवणं मात्र वेगळं. तिथे परवानगीचा प्रश्न येतो.

फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. जुनी मशीन आणि ती दुरुस्त करणारे हात, दोन्ही कमी होताहेत. मोडीचा रुमाल शंभर वर्षांनी उघडला तरी वाचणारा भेटतो. कॅसेटला तेवढी सवड नाही. या दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याकडे जाण्याआधी एकदा लेबल वाचा आणि मंडळाला कळवा.