चित्तविकृतिसदृश अनुभव, किशोरवयातील

जवळ कोणी नसताना हाक ऐकू येणे, वर्गातली मुले आपल्याविषयीच कुजबुजतात असे वाटणे, अशा सौम्य व बहुधा तात्पुरत्या भास-संशयांना ही संज्ञा आहे. २०१२ च्या एका संकलित अभ्यासात त्यांचे मध्यक प्रमाण ९–१२ वयोगटात १७%, तर १३–१८ वयोगटात ७.५% आढळले. बहुतेकांत ते आपोआप ओसरतात. टिकून राहिल्यास नैराश्य, आत्मघाताचे विचार व पुढील मनोविकारांचा धोका वाढतो.

जोखीम वाढवणारे घटक : घराण्यातील मनोविकार, बालपणीचा छळ, शाळेतील दादागिरी, अपुरी झोप, गांजाचे सेवन आणि स्थलांतर.

संरक्षक घटक : ऐकून घेणारे पालक, जिवलग मित्र, शाळेविषयी आपलेपणा आणि पुरेशी झोप.

नवी मुंबईतील महापेसारख्या औद्योगिक परिसरात आईवडिलांनी कामाच्या पाळ्या सांभाळताना मुलांशी निवांत बोलणे मागे पडू नये. मदत लागल्यास ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय (स्थापना १९०१) महापेहून जवळ आहे. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. मुलाने असा अनुभव सांगितल्यास त्याला वेड्यात काढू नये. शांतपणे ऐकून घ्यावे आणि अनुभव वारंवार आल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.