चंदनाची उपासमार

पान पिवळे पडले की शेतकऱ्याचा हात प्रथम खताकडे जातो. चुनखडीच्या काळ्या जमिनीत सोयाबीनची कोवळी पाने पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची उणीव होय. परंतु पानांवर पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची गर्दी दिसली, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला मोझॅक असतो आणि तेथे खत व्यर्थ जाते. उणीव कोणती आणि रोग कोणता, हा पेच म्हैसूर संस्थानाला एकदा फार महाग पडला, तो चंदनापायी.

टिपूने 1792 मध्ये चंदन राजवृक्ष ठरविले, तेव्हापासून त्याचे उत्पन्न सरकारचे. 1899 मध्ये शेजारच्या कूर्गमध्ये या झाडावर एक विलक्षण विकृती आढळली आणि पुढे ती म्हैसुरातही पसरली. पाने आखडून ताठ उभी राहत, फांदीचा खराटा होई, फुलोरा थांबे आणि दोन-तीन वर्षांत झाड वाळे. इंग्रजांनी तिला ‘स्पाइक’ म्हटले.

चंदन अर्धे परोपजीवी आहे. शेजाऱ्यांच्या मुळांना आपली मुळे डसवून ते त्यांचे क्षार शोषते. तेव्हा वणव्यात शेजारी जळाले, रसाचे अभिसरण बिघडले, झाड उपाशी पडले, असा तर्क होणे अगदी स्वाभाविक होते.

संस्थानाचे कृषिसंचालक डॉ. लेस्ली कोलमन हे मूळचे कॅनडाचे. त्यांनी रोगट फांदीचे कलम निरोगी झाडावर बांधून पाहिले. ते झाडही खराट्यासारखे झाले! हे प्रयोग 1917 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी म्हैसूर शहरात चंदनतेलाचा कारखाना निघाला होता. उपासमार काही कलमातून लागत नाही.

तरी रसायनज्ञांना रोगट पानांत कॅल्शियम कमी व नायट्रोजन आणि पिष्ट अधिक आढळत राहिले. आकडे खरेच होते. मात्र उणीव हे कारण की परिणाम, हे पृथक्करण सांगू शकत नव्हते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही यावर वर्षानुवर्षे खल झाला. दोष बहुधा विषाणूवर ठेवला जाई. अखेर 1969 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अन्नरसाच्या नलिकांत पेशीभित्तिका नसलेले सूक्ष्म जीव दिसले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. टेट्रासायक्लिन टोचले तर झाड काही काळ नवी पालवी धरते. औषधाचा जोर ओसरला की खराटा परततो.