मुंबईंत घडलेला पहिला फारसी बोलपट

महाराष्ट्राच्या इतिहास-संशोधकांस फारसीचें ऋण सुपरिचित आहे. मोंगली तवारिखा व आदिलशाही फर्मानें यांवांचून शिवकालांतील कित्येक प्रश्नांचा निर्णय करणें दुर्घट होय. परंतु त्या भाषेनें आपल्या भूमीकडून काय घेतलें, याचा विचार क्वचितच होतो. त्यांतील एका गोष्टीचा येथें निर्देश करावयाचा आहे.

फारसी भाषेंतील पहिला बोलपट 'दुख्तर-ए-लोर' हा इराणांत निघाला नाहीं. तो १९३३ सालीं मुंबईस इंपीरियल फिल्म कंपनींत तयार झाला. त्याचे निर्माते अर्देशिर इराणी यांचा जन्म १८८६ सालीं पुण्यास झाला. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत लागलेला 'आलम आरा' हा हिंदुस्थानचा पहिला बोलपटही त्यांचाच. 'दुख्तर-ए-लोर'चे कथालेखक व नायक अब्दुल हुसेन सेपंता हे इराणी कवि. मुंबईस दिनशा इराणी या पंडितांच्या सहवासांत त्यांनीं प्राचीन इराणचा अभ्यास केला होता. कथेंतील नायक-नायिकाही दरोडेखोरांपासून सुटून मुंबईचाच आश्रय घेतात, व स्वदेशीं नवें राज्य आल्यावर परततात.

हें मुंबईसच कां घडावें? ध्वनियंत्रें तेथें होतीं, हें एक कारण झालें. परंतु यंत्र कथा पुरवीत नाहीं. कथांचें मूळ रंगभूमींत शोधिलें पाहिजे. १८५३ सालीं ग्रँट रोडवरील नाटकगृहांत विष्णुदास भावे यांनीं पौराणिक आख्यानें दाखविलीं. त्याच वर्षीं, त्याच नाटकगृहांत पारशी नाटक मंडळीनें शाहनाम्यांतील रुस्तुम-सोहराबाची कथा उभी केली. पुढें 'आलम आरा' हा जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकावरूनच रचिला गेला. सेपंतांनीं 'फिरदौसी' व 'शिरीन-फरहाद' हे बोलपट १९३४ सालीं मुंबईसच काढिले. इकडे प्रभातनेंही 'अयोध्येचा राजा' (१९३२) हरिश्चंद्राख्यानावरून व 'सिंहगड' (१९३३) हरिभाऊ आपटे यांच्या कादंबरीवरून घेतला. दोहोंची रीत एकच.

तथापि अशा चित्रांचा आधार घेतांना संशोधकानें सावध असावें. 'फिरदौसी'तील गझनीच्या महमुदाचें चित्रण रझाशहा पहलवी यांस रुचलें नाहीं, म्हणून तो भाग बदलावा लागला. सेपंतांच्या 'चश्महा-ए-सियाह' या १९३६ च्या सुमाराच्या चित्राची पार्श्वभूमि नादिरशहाची हिंदुस्थानवरील स्वारी ही आहे. इराणी प्रेक्षकास नादिर हा दिग्विजयी वीर. १७३९ म्हटलें कीं आपणांस दिल्लीची कत्तल आठवते, आणि त्याच वर्षीं चिमाजीअप्पांनीं घेतलेली वसई आठवते. सबब नादिराच्या इतिहासास हें चित्र प्रमाण मानतां येणार नाहीं. पण १९३६ च्या इराण्यांस आपला भूतकाळ कसा हवा होता, हें समजण्यास तें अस्सल साधन आहे.

साधनें जपलीं तरच राहतात. 'दुख्तर-ए-लोर' टिकला, 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. त्याची माहिती आतां छायाचित्रें, जाहिराती व तत्कालीन वृत्तपत्रें यांवरूनच जुळवावी लागते. म्हणून पेण-रोह्याकडील जुन्या घरांच्या माळ्यांवर बखरींचीं बाडें शोधणारांस विनंति आहे, कीं त्यांच्यालगत जुन्या बोलपटांच्या कथापुस्तिका आढळल्यास त्या रद्दी समजून टाकूं नयेत. त्यांचीही नोंद व्हावी.