कूटमान, कूटशासन आणि पुड्यावरील वजन

जुन्या कागदांत शेर, पायली, मण, खंडी हे शब्द आले कीं वाचक त्यांवरून सहज पुढें जातो. शेर गांवोगांवीं निराळा होता हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु तो उणा भरल्यास दंड काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सांप्रत सातारा-सांगलीच्या बाजारांत पीठ, हळद, चहा बांधीव पुड्यांतून येतात, आणि छापलेल्या वजनाहून माल कमी भरल्यास वैध मापनशास्त्राचे निरीक्षक खटला करूं शकतात. हा अपराध केवळ आधुनिक होय अशी समजूत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत तुला, शासन, मान व नाणें यांचें कूट करणारा, आणि त्यांनीं व्यवहार करणारा, यांस एकाच श्लोकांत उत्तम दंड सांगितला आहे. खोटें वजन आणि खोटा राजलेख यांची ही एकत्र गणना बनावट ताम्रपट पारखणाऱ्या आमच्या वाचकांनीं लक्षांत घ्यावी. पुड्यावरील छापील वजन हें मापही आहे आणि लेखही आहे. गिऱ्हाइकापुढें तराजू नसतो, अक्षरें असतात.

सूट किती, हा विचारही जुनाच. कौटिल्याचा पौतवाध्यक्ष दर चार महिन्यांनीं वजनांवर ठसा मारवी. ठसा नसल्यास सव्वासत्तावीस पण दंड. मनूनें तपासणीस सहा महिन्यांची मुदत दिली. कौटिल्याच्या चौथ्या अधिकरणांत तुलेमागें एक कर्ष उणें-अधिक असणें दोष नव्हे, दोन कर्ष झाल्यास ६ पण दंड. तुला १०० पलांची व पल ४ कर्षांचें धरिलें, तर ही सूट शेकडा पाव होते. २०११ च्या नियमांत ५०० ग्रॅमच्या पुड्यास १५ ग्रॅम, म्हणजे शेकडा तीन, सूट आहे, कौटिल्याच्या बारापट! तथापि ही तुलना सरळ नव्हे. त्याची सूट मापास होती, आजची यंत्रानें भरलेल्या मालास आहे. शिवाय पुड्यांची सरासरी छापील वजनाखालीं जातां कामा नये. त्याहून उणें भरल्यास २००९ च्या मूळ कायद्यांत पहिल्या अपराधास १०,००० ते ५०,००० रुपये दंड सांगितला.

आमच्या प्रांताची अडचण निराळी. १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झालें. सांगली मात्र १९४८ पर्यंत पटवर्धनांचें संस्थान राहिली. म्हणून १९३२ चा मुंबई वजनें व मापें कायदा सातारा जिल्ह्यांतील तासगांवास लागू, आणि जवळच्या सांगलीस आपोआप लागू नव्हे. १९४९ सालीं दोन्ही गांवें दक्षिण सातारा जिल्ह्यांत आलीं. त्यासच १९६० पासून सांगली जिल्हा म्हणतात. सबब या दोन गांवांच्या त्या काळांतील वाणी-वह्यांतले शेर एकच समजून हिशेब मांडणें धोक्याचें होय.

हे शेर पडताळण्यास वह्या पुरत नाहींत, मापेंच हवींत. १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति आणिली, आणि ठसेदार जुनीं मापें मोडीस गेलीं. मोडीचे कागद जपणाऱ्यांनीं हीं मात्र तांबटाकडे जाऊं दिलीं, याचें आम्हांस वाईट वाटतें. ज्यांच्या संग्रहीं कांहीं उरलीं असतील त्यांनीं तीं घासूं नयेत, घासण्यानें ठसाही जातो व वजनही. वजनांचा भार ग्रॅमांत, पायली-शेरांत मावणारें पाणी मिलिलिटरांत, आणि वस्तु कोणत्या गांवची, एवढें टिपून ठेवावें.