नऊवारी, विंगसूट आणि २०० उड्या

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे" आणि "बघा" थोडे कमी केलेत, सगळे काढलेले नाहीत.

आजचा विषय विंगसूट. दोन्ही हात आणि धड यांच्यामध्ये, आणि दोन पायांच्या मध्ये, कापडाचे पंख शिवलेला पोशाख. तो घालून विमानातून उडी मारली की माणूस धोंड्यासारखा खाली येत नाही, पुढे सरकत जातो. चांगला उडणारा एक मीटर खाली येईपर्यंत अडीच-तीन मीटर पुढे जातो. रील्समध्ये तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. मी मूळचा जालना जिल्ह्यातला, नोकरी सॉफ्टवेअरची, आणि मला त्या रील्सपेक्षा त्यांच्यामागचा एक आकडा जास्त आवडतो. अमेरिकेची जी पॅराशूट संघटना आहे तिच्या नियमानुसार विंगसूट अंगात घालण्याआधी साध्या पॅराशूटच्या किमान २०० उड्या झालेल्या असल्या पाहिजेत, आणि परवाना असला पाहिजे. दोन नाही, वीस नाही, २००. हा एवढा मोठा आकडा का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागतं.

सुरुवात पॅरिसच्या एका शिंप्यापासून. फ्रान्झ रायशेल्ट. मूळचा ऑस्ट्रियाचा, धंदा कपडे शिवायचा. वैमानिकाला अंगातच घालता येईल असा पॅराशूटचा कोट त्यानं शिवला. आयफेल टॉवरवरून बाहुली टाकून चाचणी घेतो असं सांगून परवानगी मिळवली, आणि ४ फेब्रुवारी १९१२ ला सकाळी बाहुलीऐवजी स्वतःच कठड्यावर चढला. पहिला मजला, ५७ मीटर. समोर कॅमेरा चालू होता, त्यामुळे ते सगळं आजही बघायला मिळतं. कोट उघडलाच नाही. मला त्यात सगळ्यात जास्त खटकतं ते त्याचं घुटमळणं. उडी मारायच्या आधी बराच वेळ तो कठड्यावर थांबलाय. तरी शेवटी "नको, उतर खाली" म्हणून त्याला कुणी थांबवलं नाही.

त्यानंतर अमेरिकेचा क्लेम सोन. कापड आणि धातूच्या नळ्यांचे पंख लावून तो जत्रेत, विमानांच्या खेळांत उड्या मारायचा, लोक पैसे देऊन बघायला यायचे. २५ एप्रिल १९३७ ला फ्रान्समध्ये व्हँसेन इथं मोठ्या गर्दीसमोर त्याचं पॅराशूट उघडलं नाही, दुसरं ठेवलेलं होतं तेही नाही.

तिसरा लिओ व्हॅलाँतॅं, फ्रेंच सैन्यातला पॅराट्रूपर. हा माणूस अनुभवी होता, विचार करणारा होता. त्यानं कापड सोडून लाकडाचे ताठ पंख केले. २१ मे १९५६, लिव्हरपूलचा विमानतळ. विमानातून बाहेर पडतानाच पंख दाराला आपटला आणि मोडला. पुढं पॅराशूट त्याच्यातच गुंतलं.

ही दारातली आपट लक्षात ठेवा. आज विंगसूट शिकवताना पहिला धडा हाच असतो: दारातून निघालात की क्षणभर पंख मिटलेले ठेवा. कारण पंख लगेच उघडले तर माणूस विमानाच्या वेगानं वर उचलला जातो आणि मागच्या शेपटीवर आदळू शकतो. नियम एका ओळीचा, पण त्याच्या मागं माणसं आहेत.

आपल्याकडे काय चाललं होतं तेव्हा? (तळपद्यांच्या विमानाचं विचारू नका, त्यावर वेगळा भाग करावा लागेल आणि शिव्या खायची माझी तयारी अजून झालेली नाही.) १८९० मध्ये कलकत्त्यात रामचंद्र चटर्जी फुग्यातून पॅराशूट घेऊन उतरले. पण मराठी माणूस आणि पॅराशूट यांचं खरं नातं जुळलं ते फौजेत. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन पॅराशूट बटालियन झाली, आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिला नाव मिळालं २ पॅरा, मराठा. ११ डिसेंबर १९७१ ला हीच बटालियन पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ उतरली आणि तिनं पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. पाच दिवसांनी ढाका पडलं. शिवाजी महाराजांचा जयघोष करणाऱ्या पलटणीनं विमानातून उड्या मारल्या, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात का नाही हे मला कळत नाही.

पण इथं एक तांत्रिक मुद्दा आहे. सैनिकाला पॅराशूटचा बिल्ला मिळतो तो पाच उड्यांनंतर. मग विंगसूटला २०० कशाला? कारण फौजेच्या त्या उडीत पॅराशूट उघडायचा निर्णय सैनिकाच्या हातात नसतो. त्याच्या पाठीवरच्या पॅराशूटचा पट्टा विमानात अडकवलेला असतो, त्याला स्टॅटिक लाइन म्हणतात. माणूस बाहेर पडला की पट्टा ताणला जातो आणि छत्री आपोआप बाहेर येते. अवघड आहेच, अंधारात शत्रूच्या मुलखात उतरायचं म्हणजे खायचं काम नाही. पण "कधी उघडू" हा प्रश्न डोक्यातून काढून टाकलेला असतो. विंगसूटमध्ये उलट होतं. कधी उघडू, कुठं आहे, वारा कुठला, खाली गाव आहे की रान, बरोबरचा माणूस किती लांब, सगळं तुम्हीच बघायचं.

आता येतो आपल्या शीतल महाजन यांच्याकडे. पुण्याच्या. १८ एप्रिल २००४ ला त्यांनी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून उडी मारली. तापमान उणे ३७. आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिली उडी होती. सरावाची एकही न मारता थेट ध्रुवावर. वय तेव्हा एकवीस. पुढं डिसेंबर २००६ मध्ये अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून. २०११ मध्ये पद्मश्री. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून.

सगळे ध्रुवाबद्दल बोलतात. मला विचाराल तर या विषयासाठी त्यांची सगळ्यात महत्त्वाची उडी फेब्रुवारी २०१८ ची. थायलंडमध्ये पटाया, १३,००० फूट, अंगात नऊवारी. सव्वाआठ मीटर कापड! बातम्यांमध्ये ते "मराठमोळी शान" म्हणून आलं, व्हॉट्सॲपवर फिरलं, आमच्या घरच्या ग्रुपवर आत्यानं तीनदा टाकलं. पण जरा अभियंत्याच्या नजरेनं बघा. मोकळ्या पडण्यात माणसाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जातो. त्या वाऱ्यात सैल पदर म्हणजे काय? तो पॅराशूट ओढायच्या मुठीवर येऊ शकतो, बाहेर पडणाऱ्या दोऱ्यांत अडकू शकतो, तोंडावर येऊ शकतो. म्हणून साडी पिना आणि चिकटपट्टीनं जागोजाग पक्की केलेली. आणि तोपर्यंत त्यांच्या नावावर सातशेच्या वर उड्या झालेल्या होत्या.

हा फरक बघा. २००४ ला शून्य, २०१८ ला सातशे. कौतुक मी दोन्हीचं करतो. पण पहिल्या उडीत धाडस होतं आणि नशिबाची साथ होती; नऊवारीच्या उडीत चौदा वर्षांची हातसवय होती. वाऱ्यात जास्तीचं कापड घेऊन जायचं असेल तर आधी हात डोक्याला न विचारता मुठीवर गेला पाहिजे. विंगसूट म्हणजे जास्तीचं कापडच की हो, फरक एवढाच की इथं कापड मुद्दाम वारा धरतं. २०० उड्या लागतात त्या या सवयीसाठी.

आजचा विंगसूट साधारण १९९० च्या दशकात जन्मला. पात्रिक द गेयार्दों या फ्रेंच माणसानं पंखाला कापडाचे दोन थर दिले, पुढं हवा शिरायला तोंडं ठेवली, म्हणजे पंख हवेनं फुगून ताठ होतो. चौकोनी पॅराशूटही याच तत्त्वावर चालतं. लाकूड नको, नळ्या नको. पण १३ एप्रिल १९९८ ला हवाईमध्ये तोच गेला. पंखांमुळे नाही. त्यानं पॅराशूटच्या पिशवीत स्वतः काही बदल केले होते, त्यातल्या शिवणीच्या चुकीनं पॅराशूट नीट उघडलं नाही. सोप्या भाषेत, कोड रिव्ह्यू न करता थेट प्रॉडक्शनवर. १९९९ मध्ये फिनलंडचा यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचा रॉबर्ट पेचनिक यांनी बर्डमॅन नावानं विंगसूट विकायला काढले आणि सूटबरोबर शिकवणारे प्रशिक्षकही तयार केले. माझ्या मते खरा टप्पा हा. शिवणाऱ्यानं शिकवायची जबाबदारी घेतली.

आता माझ्या धंद्याजवळचा भाग. स्कायडायव्हरच्या पाठीवर एक छोटं यंत्र असतं, त्याला एएडी म्हणतात. माणूस बेशुद्ध झाला किंवा गोंधळला तर ते राखीव पॅराशूट आपोआप उघडतं. १९९१ साली जर्मनीच्या हेल्मुट क्लोट यांनी सायप्रेस नावाचं यंत्र आणलं आणि त्यानं असंख्य जीव वाचवले. त्याचं गणित असं: जमिनीपासून साधारण २२५ मीटरवर असताना वेग सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल, म्हणजे ताशी १२६ किलोमीटर, तर उघड. एक इफ कंडिशन.

पण विंगसूटमध्ये खाली येण्याचा वेग किती? बऱ्याचदा ताशी ६० ते १००. म्हणजे एखादा उडणारा बेशुद्ध होऊन पंख पसरलेल्या अवस्थेतच तरंगत खाली आला, तर यंत्राच्या दृष्टीनं सगळं ठीक चाललंय! कंडिशन खोटी, राखीव पॅराशूट बंद, आणि जमीन समोर. यंत्र बिघडलेलं नाही. ज्या माणसासाठी ते लिहिलं होतं तो माणूस बदलला. पुढं कंपनीनं विंगसूटसाठी कमी वेगावर चालणारं वेगळं यंत्र काढलं. पण म्हणून "माझ्याकडे एएडी आहे" एवढ्यावर थांबू नये, कुठलं आहे ते बघावं.

अजून दोन गोष्टी पटकन. पंखांमुळे माणसाच्या पाठीमागं हवेचा पोकळ पट्टा तयार होतो, त्यात पॅराशूट ओढून काढणारी छोटी छत्री घुटमळते. म्हणून विंगसूटला ती मोठी आणि तिची दोरी लांब लागते. आणि हात पंखात अडकलेले असल्यानं, पॅराशूट उघडल्यावर चेन काढून हात मोकळे केल्याशिवाय वरच्या पट्ट्यांपर्यंत हात नीट पोचत नाहीत. पॅराशूट वेडंवाकडं उघडलं तर तेवढे सेकंद महाग पडतात.

हे सगळं आत्ता का काढलं? अंबडकडच्या एका श्रोत्याचा मेसेज आला होता. परदेशात फिरायला गेला असताना टँडम उडी मारली, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून. आता ऑनलाइन जुना विंगसूट दिसतोय, परवडण्यासारखा आहे, घेऊ का?

भाऊ, तू शेतकऱ्याच्या घरचा आहेस. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव, १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी इथंच महिको काढली. तुझे वडील पिशवीवरचा लॉट नंबर, उगवणक्षमता आणि तपासणीची तारीख बघितल्याशिवाय बियाणं घरात आणत नसतील. पीक गेलं तर पुढचा हंगाम तरी असतो. या सूटवर कसला टॅग आहे? कुणी तपासला, कुणाच्या मापाचा, किती उड्यांच्या माणसासाठी? सुरुवातीच्या माणसाचा सूट लहान पंखांचा असतो, मोठ्या पंखांचा स्वस्तात मिळाला म्हणून घ्यायचा नसतो. आणि टँडमची उडी तुझ्या २०० मध्ये धरू नकोस, तिथं निर्णय घेणारा तुझ्या पाठीवर होता.

भारतात मार्ग काय? जून २०२२ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणलं. त्यात स्कायडायव्हिंग आहे, वर एक शिखर संस्था आहे आणि खाली राज्य-जिल्हा पातळीपर्यंत संघटनांची रचना मांडलेली आहे. म्हणजे कागदावर जालना जिल्ह्यालाही जागा आहे. महाराष्ट्राचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ चं, त्यात आयोजकांना नोंदणी लागते. पण कागदावरची रचना आणि दारात उभं राहून "आज वारा जास्त आहे, तू खाली थांब" म्हणणारा माणूस, यात अंतर आहे. तो माणूस जिथं आहे तिथं जा. आधी परवाना, मग उड्या मोज, प्रत्येक उडी वहीत लिही, दर आठवड्याला दोन मारल्यास तरी २०० ला जवळपास दोन वर्षं लागतील. तोवर त्या सूटचे पैसे बँकेत राहू दे, आणि तो विकणाऱ्याला एकच प्रश्न विचार: माझ्या किती उड्या झाल्यात हे न विचारता तू मला हा कसा काय विकतोयस?